एक कुलूप, एक किल्ली

गेल्या पंधरवड्यात मी एका वायरमनला घराबाहेर काढलं. चांगला चाळिशीचा माणूस, मंचरमध्ये स्वतःचं दुकान असलेला. गिझरचा बोर्ड जळाला होता म्हणून त्याला बोलावलं होतं. आला, स्टूल ओढलं, बोर्डाचे स्क्रू काढले आणि उघड्या तारा सरळ बोटांनी चाचपायला लागला.

"मेन बंद केलात का?" मी विचारलं.

"काकू, लाईटच नाहीये. आज आपल्याकडं अकरा ते तीन."

भारनियमनाचं वेळापत्रक त्याला तोंडपाठ होतं. त्याच्या डोक्याच्या वर हातभर अंतरावर मेन स्विच होता, तो चालू होता. मी म्हटलं, "उतरा खाली."

"काय झालं काय?"

"उतरा. बॅग उचला आणि निघा."

जाताना जिन्यात तो कुणाला तरी फोनवर सांगत होता, की बाईचं डोकं फिरलंय. फिरलं होतंच. तीनला यायची लाईट त्या दिवशी दोन वाजून दहा मिनिटांनी आली. पंखा गरगरायला लागला तेव्हा मी बोर्डाच्या लोंबणाऱ्या तारांकडे बघत उभी होते. मला रोकडे नाना आठवले असं म्हणणं तितकंसं बरोबर नाही. त्या माणसाला हाकलताना माझ्या तोंडून निघालेला आवाजच त्यांचा होता.

पेठच्या बाजूला एक बटाट्याचं कोल्ड स्टोअर होतं. तिथं मी सतरा वर्षं भांडारपाल म्हणून नोकरी केली. पट्टे, बेअरिंगा, ग्रीस, बल्ब, पोती शिवायच्या सुया, जे लागेल ते माझ्या खोलीतून जायचं. रोकडे नाना तिथले इलेक्ट्रिशियन. मूळ डिंगोऱ्याचे. आठवडाभर स्टोअरच्या आवारातल्या खोलीत राहायचे, सुट्टीला गावी जायचे. बुटके, काळेसावळे, चश्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. खाकी पँटचे खिसे मात्र तंबूच्या कापडाचे. साधे खिसे फाटायचे, म्हणून त्यांच्या बायकोनं ते मुद्दाम शिवून घेतले होते. त्या खिशात काय असायचं ते पुढे येईलच.

त्यांच्याशी माझी पहिली भेट म्हणजे पहिलं भांडण. नोकरीला लागून मला आठवडा झाला होता. नाना आले आणि सहा कुलपं मागितली. मी नवी कोरी सहा कुलपं टेबलावर मांडली, प्रत्येकाबरोबर दोन किल्ल्या. त्यांनी प्रत्येक कुलपाची एक किल्ली खिशात टाकली, दुसऱ्या सहा एका ओळीत उंबऱ्यावर ठेवल्या आणि माझ्याच स्टोअरमधला हातोडा घेऊन एकेक किल्ली चेचली.

"अहो! स्टोअरची मालमत्ता आहे ती!" मी ओरडले.

"स्टोअरबाई, दोन किल्ल्यांचं कुलूप म्हंजी कुलूप न्हवं. दार नुसतं लोटून ठिवल्यासारखं झालं." चेचलेल्या किल्ल्या त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. "एक कुलूप, एक किल्ली, एक मानूस. ही घ्या तुमची मालमत्ता."

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'स्टोअरबाई'. सतरा वर्षांत माझं नाव त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही.

कुलपं कशाला, ते मला नंतर कळलं. कोल्ड स्टोअर म्हणजे मोटरी. थंडावा करणारे कॉम्प्रेसर, खोल्यांमध्ये वारा फिरवणारे पंखे, पाण्याचे पंप. सगळ्यांचे स्विच पॅनेलच्या खोलीत आणि मोटरी भिंतीच्या पलीकडे मोठ्या दालनात. मोटर उघडून बसलेल्या माणसाला स्विच दिसत नाही. स्विचपाशी असलेल्याला माणूस दिसत नाही. म्हणून नाना काम करायच्या मोटरचा स्विच खाली ओढायचे, त्याच्या दांड्याला कुलूप घालायचे, पत्र्याची पाटी अडकवायचे. पाटीवर त्यांच्याच अक्षरात, पांढऱ्या रंगानं: 'माणूस कामावर आहे. रोकडे.' एवढ्यावरही त्यांचं समाधान नसायचं. स्विचमधले तिन्ही फ्यूज चिमट्यानं उपटून ते पँटच्या खिशात टाकायचे. चांगले मुठीएवढे जाड, चिनी मातीचे फ्यूज. नाना चालायला लागले की खिशात खडखड वाजायचं, आणि ती खडखड ऐकू आली की कुठली तरी मोटर बंद आहे हे आम्ही ओळखायचो.

मग त्यांचा दिवा. दोन मोठे बल्ब एकामागे एक जोडलेले, दोन लांब वायरी, टोकांना दांडे. हा दिवा ते आधी चालू असलेल्या दुसऱ्या स्विचला लावायचे. पेटला की बंद केलेल्या मोटरच्या तारांना, तिन्ही तारांना आळीपाळीनं लावायचे. पेटला नाही की परत त्या चालू स्विचपाशी जाऊन पुन्हा पेटवून बघायचे. मगच तारेला हात.

"जितीला इचार, मेलीला इचार, परत जितीला इचार," असं ते म्हणायचे. जिती म्हणजे वीज असलेली तार.

एकदा मी विचारलं, "परत कशाला? एकदा पेटला ना?"

"मदीच बल्ब गेला तर? जिती तार बी मेलीच दिसंल. मग तुमी बसा माझ्या नावानं."

स्क्रू ड्रायव्हरच्या आकाराचा, आत इवलासा दिवा असलेला टेस्टर बहुतेक वायरमन खिशाला लावतात. नानांना त्याचा मनस्वी राग. "इस्क्रू फिरवायला ब्येस हाय," एवढंच म्हणायचे. त्याहून जास्त राग बोटांच्या मागच्या बाजूनं तारेला शिवून बघणाऱ्यांचा. आमच्याकडे ही एक मर्दुमकीच समजली जायची. झटका खाल्लेले लोक चहाच्या टपरीवर आपापले झटके मोजून दाखवायचे, पैलवानानं कुस्त्या मोजाव्यात तसे. एकदा विहिरीच्या जळालेल्या मोटरींत नवी तार भरून देणाऱ्या एकानं टपरीवर छाती काढून सांगितलं, "आपल्याला चारशे चाळीस लागली तरी काय होत नाय राव. नुसता हात लावतो, कळतं."

नाना बशीत चहा ओतत म्हणाले, "मंग हात हितंच ठिवून जा, पावणं. आमच्याकडं टेस्टर कमी हायती."

टपरी हसली. तो माणूस नाही हसला. नानाही नाही हसले. ते विनोद करत नव्हते.

सोबतीला माणूस चांगला नव्हता, हे सांगून टाकते. तिरसट. सकाळी 'राम राम' केला तर "काय काम हाय?" असं उत्तर यायचं. मॅनेजरसाहेब एकदा घड्याळ बघत त्यांच्या डोक्याशी उभे राहिले आणि म्हणाले, "रोकडे, अजून किती वेळ?" नाना मान वर न करता म्हणाले, "तुमी हितं हुबं ऱ्हायलात तर दुप्पट." मॅनेजर लाल झाले. असल्या बोलण्यानं नानांनी स्वतःचं किती नुकसान करून घेतलं त्याची गणती नाही. पण नुसतं मवाळ बोलून चाललं असतं, असंही मला कधी वाटलं नाही. मवाळ बोलणाऱ्या माणसांचं तिथं कुणी ऐकत होतं असं मी पाहिलेलं नाही.

आता माझी गोष्ट. ही मी कुणाला सांगत नाही.

त्या सहा कुलपांपैकी एक गंजलं. नाना सुट्टीवर होते, म्हणून त्यांच्या जागी मीच नवं कुलूप काढून पॅनेलच्या खोलीत ठेवलं. एकच किल्ली त्याला लावली. दुसरी मी चेचली नाही. मला ते पटतच नव्हतं. स्टोअरमध्ये प्रत्येक कुलपाची जादा किल्ली हुकाला टांगलेली असावी, वर नंबर लिहिलेला असावा, असं मी शिकले होते आणि तसंच करायचे. नानांना वाटलं मी चेचली असणार. मी त्यांना काही सांगितलं नाही.

फेब्रुवारी संपत आला होता. सातगाव पठाराचा बटाटा यायला लागला होता. फाटकापासून रस्त्यापर्यंत ट्रॅक्टरची रांग, ऊन चढलेलं, लोक तापलेले. दोन नंबरचा कॉम्प्रेसर सकाळपासून कुरकुरत होता, तो नानांनी उघडला. एकावर भागेना. खोल्यांतला पारा वर चढायला लागला. फाटकावर एक जण ओरडत होता, "आमचा माल उकडून खायचाय का तुमाला?"

मॅनेजर माझ्याकडे आले. "दोन नंबरच्या कुलपाची दुसरी किल्ली आहे ना?"

"आहे."

"द्या. रोकडेंचं काम उरकलंय. जेवायला गेलेत आणि कुलूप काढायचं विसरलेत."

मी हुकावरून किल्ली काढली आणि दिली. एक प्रश्न विचारला नाही. सतरा वर्षं मी एकेका नटबोल्टासाठी माणसांची उलटतपासणी घेतली. त्या दिवशी विचारलं नाही. किल्ली परत हुकाला लावायची असते म्हणून, फक्त म्हणून, मी मॅनेजरांच्या मागे गेले.

त्यांनी कुलूप उघडलं. पाटी काढून कोपऱ्यात उभी केली. दांडा वर ढकलला, हिरवं बटण दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं. नाही. "मोटर जळाली वाटतं," ते म्हणाले आणि तिसऱ्यांदा दाबलं.

भिंतीपलीकडून खडखड आली.

नाना दारात उभे राहिले. कोपरापर्यंत ग्रीस, हातात पाना. ते जेवायला गेलेच नव्हते. मोटरीच्या तारा उघडून, त्यांत हात घालून बसले होते. त्यांनी दांड्याकडे बघितलं, उघड्या कुलपाकडे बघितलं, मग खिशातून एकेक करून तिन्ही फ्यूज काढले आणि पॅनेलच्या कडेवर ठेवले. टक, टक, टक.

"किल्ली कुनी दिली?"

मी म्हटलं, "मी."

मला वाटलं ते ओरडतील. ते मॅनेजरांवर ओरडले. असं ओरडले की फाटकावरचे लोक गप्प झाले. "माझ्या बायकूला काय सांगणार व्हता? बटाटं थंड व्हतं म्हनून?" मॅनेजर आवाज चढवत राहिले, "मला कळवायचं होतं, तुम्ही आत आहात हे कळवायचं होतं," आणि ती पाटी त्यांच्या पायाशी उभी होती.

मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, नाना म्हणाले, "स्टोअरबाई, माझा जीव तुमच्या हुकाला टांगल्याला व्हता. मला सांगायचं तरी."

दोन महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. स्टोअरमध्ये यायचे आणि फळीशी बोलायचे. "चिकटपट्टी दोन." मी फळीवर पट्टी ठेवायची, ते उचलायचे. मलाही त्यांचा राग आला होता. माफी मागितली होती ना मी? एवढं काय? राग कशाचा आहे हे समजायला मला वेळ लागला. चूक माझी होती आणि ती फार सोपी होती, याचा तो राग होता. मी काही वाईट केलं नव्हतं. मी व्यवस्थित काम केलं होतं. जादा किल्ली, नंबर घातलेली, जागच्या जागी.

त्या हुकावरच्या सगळ्या जादा किल्ल्या एक दिवस मी उंबऱ्यावर मांडल्या आणि चेचल्या. गोदामाची आणि ऑफिसची सोडून. नाना तेव्हा समोरून चालले होते. थांबले, बघितलं, म्हणाले, "किल्ली कडेनं धरा. नख जाईल." बोलणं सुरू झालं.

त्यानंतर मी एक नियम केला. पॅनेलच्या खोलीसाठी कुणी काही मागितलं की स्वतः उठून तिथं जायचं आणि पाटी आहे का बघायचं. लोक हसायचे. नाना हसायचे नाहीत.

पुढे भारनियमनाची वर्षं आली. रोज चार-चार, सहा-सहा तास लाईट नाही. स्टोअरनं मोठा जनरेटर घेतला. तो मागच्या शेडमध्ये. शेडपासून पॅनेलपर्यंत तार, आणि पॅनेलला एक मोठा दांडा. एका बाजूला ओढला की बाहेरची लाईट, दुसऱ्या बाजूला ओढला की जनरेटर, मधोमध ठेवला की काहीच नाही.

मॅनेजरांना एक कल्पना सुचली. दुरुस्तीसाठी मोटरी बंद ठेवायला लागतात, मग दुरुस्ती भारनियमनाच्या वेळेतच का करू नये? तशीही लाईट नसते. स्विच, कुलूप, दिवा, सगळा वेळ वाचेल.

नाना म्हणाले, "येळापत्रकाला कुलूप लावता येतं का?"

"रोकडे, छापील वेळापत्रक आहे ते."

"बरुबर. छापल्यालंच हाय नुसतं."

चार-पाच वेळा अशी खडाखडी झाली. शेवटी मॅनेजरांनी विजेचं काम एका ठेकेदाराला दिलं आणि नानांना वजनकाट्यावर बसवलं. ट्रॅक्टर आला की वजन बघायचं. तीस वर्षं मोटरींत हात घातलेला माणूस. कुलपं स्टोअरला जमा करायला सांगितली. नानांनी ती माझ्या टेबलावर आणून ठेवली, किल्ल्यांसकट. मी वहीत लिहिलं: 'मॅनेजरसाहेबांच्या तोंडी आदेशावरून कुलपे परत जमा.' तोंडी हा शब्द मी मुद्दाम लिहिला. ती एका खोक्यात घालून खोकं फळीवर ठेवलं.

एक कुलूप कमी होतं. मी ते विचारलं नाही.

ठेकेदाराकडे नामदेव असवले होता. आहुप्याकडचा, पस्तिशीचा, दोन मुलींचा बाप. आमच्याकडेच आधी हमाल होता. पाठीवर पोती वाहून वाहून कंबर गेली, तेव्हा नानांनी त्याला हाताशी घेऊन वायरमनकी शिकवली. शांत, कामाला वाघ. ठेकेदाराची इतर माणसं त्याला 'कुलूपवाला' म्हणून चिडवायची, कारण सुरुवातीला तो माझ्याकडे येऊन हळूच विचारायचा, "बाई, नानांचं एखादं कुलूप मिळंल का वापरायला?" पहिल्यांदा दिलं. ठेकेदारानं ते परत पाठवलं. मग त्यानं विचारणं सोडलं.

त्या दिवशी बारा ते चार लाईट नव्हती. मेन पॅनेलच्या आतल्या, वीज वाहून नेणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या साफ करायच्या होत्या. नामदेव आत वाकून काम करत होता. तो मोठा दांडा आदल्या दिवशीपासून जनरेटरच्या बाजूलाच होता. जनरेटर बंद, बाहेरची लाईट बंद, म्हणजे सगळं बंद. कुलूप नाही, पाटी नाही. एक वाजता मॅनेजरांनी खोल्यांतला पारा बघितला आणि ऑफिसातूनच शेडकडच्या माणसाला ओरडून सांगितलं, जनरेटर चालू कर. शेडकडच्या माणसाला नामदेव दिसत नव्हता. मॅनेजरांनाही दिसत नव्हता.

इंजिन सुरू झाल्याचा आवाज मी ऐकला. मग ते एकदम दबलं, चढावर गाडी दबते तसं. मग माणसं ओरडायला लागली.

मी पोचले तेव्हा नामदेव पॅनेलला चिकटलेला होता आणि ठेकेदाराचा एक माणूस त्याला ओढायला धावत होता. काट्यावरून नाना पळत आले. ओढायला निघालेल्याला त्यांनी खांद्यानं धडक देऊन बाजूला पाडलं. "शिवू नको त्याला! तू बी जाशील!" आणि स्वतः नामदेवकडे न बघता शेडकडे गेले. त्यांनी इंजिन बंद पाडलं. परत आले, दांडा मधोमध आणला, खिशातून कुलूप काढलं आणि दांड्याला घातलं. ते कमी असलेलं कुलूप. मग भिंतीवरचा आपला जुना दिवा काढून तारांना लावला.

मागून कुणी तरी किंचाळलं, "माणूस मरतोय आणि हा म्हातारा दिवे लावतोय!"

दिवा पेटला नाही. तेव्हा नानांनी नामदेवला धरून खाली घेतलं, छाती दाबत राहिले, जीप येईपर्यंत दाबत राहिले. डॉक्टर म्हणाले की तो जागच्या जागीच गेला होता.

पण गावात काय पसरलं? रोकड्यानं वेळ घालवला म्हणून नामदेव गेला. मी स्वतःच्या कानांनी हे बाजारात ऐकलं आहे. अजूनही सांगणारे आहेत. त्यांना मी विचारते, की तुम्ही तिथं होतात का? नव्हते. मी होते. धावलेल्या त्या माणसाला ज्यांनी वाचवलं, त्यांच्या नावानं ही बोंब. आणि ज्यांनी ऑफिसात बसून 'चालू कर' म्हटलं, त्यांच्याबद्दल, "साहेबांना काय माहीत बिचाऱ्यांना." बिचारे!

नामदेवला त्याच्या गावी नेलं तिथं नाना गेले होते. मीही होते. चितेजवळ उभं राहून ते रडले नाहीत. ते त्याला शिव्या देत होते. "गाढवा. एकदा दिवा लावायचा व्हता. एकदा. काय गेलं असतं तुझं?" लोकांना ते विचित्र वाटलं. मला नाही वाटलं.

चौकशी झाली. स्टोअरचं म्हणणं होतं, सुरक्षेची सर्व साधनं उपलब्ध होती. मला बोलावून विचारलं, कुलपं स्टोअरमध्ये होती का?

"होती," मी म्हटलं. "खोक्यात." आणि वही पुढे केली.

'तोंडी आदेशावरून' हे शब्द खोडून नवं पान लिहा, असं मला दोनदा सांगण्यात आलं. एकदा चहा देऊन, एकदा न देता. मी लिहिलं नाही. यात शौर्य काही नाही. एकदा मी न विचारता किल्ली दिली होती, परत देणार नव्हते, एवढंच.

नानांना विचारलं, "नामदेवनं स्वतः खात्री करायला नको होती का? तुम्हीच शिकवलं होतं ना त्याला?"

"करायला पायजे व्हती," नाना म्हणाले. "त्याची चूक हाय. लिवा. आन त्याच्या हातातलं कुलूप काढून घेतलं ती कुनाची चूक, त्ये बी लिवा."

"तो या चौकशीचा विषय नाही."

"मंग इषय काय हाय? मेल्याला मानूस?"

अहवालात आलं: मयताचा निष्काळजीपणा. नामदेवच्या बायकोला बटाटे निवडायच्या कामावर घेतलं, आणि ते फार मोठं मन दाखवल्यासारखं सगळ्यांना सांगितलं. मॅनेजर पुढच्या वर्षी दुसरीकडे मोठ्या जागेवर गेले. ही ओळ लिहिताना आजही माझा हात जड होतो. दुःखानं नाही.

नाना त्याच साली निवृत्त झाले. शाल दिली, नारळ दिला. शाल त्यांनी घेतली. नारळ वजनकाट्यावर ठेवून काटा बघितला आणि तिथंच ठेवून गेले.

पुढे मीही नोकरी सोडली. दोन वर्षांनी एका लग्नाला ओतूरला चालले होते, स्कूटरवर. डिंगोऱ्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला विजेचा खांब, खांबावर गावातले दोन वायरमन, आणि खाली टोमॅटोच्या पालथ्या क्रेटवर नाना. वाळून काटकी झालेले. खांबाच्या बुडाशी स्विचचा दांडा खाली ओढलेला होता, त्याला कुलूप, आणि कुलपाला ती पत्र्याची पाटी. 'रोकडे' खोडून खाली लिहिलं होतं: 'दोन माणसं वर आहेत.'

मी स्कूटर लावली. "नाना, तुम्हाला इथं कुणी बसवलं?"

"कुनी न्हाई. मीच बसलोय."

वरून एक जण ओरडला, "मावशी, समजवा ह्यांना! लाईट चारला येणारे, आत्ता दोन वाजल्यात! म्हातारं सकाळधरनं हलंना!"

"तू तुजं काम कर," नाना वर न बघता म्हणाले. मग मला, "अजून स्टोअरात हाय का?"

"सोडलं."

"ब्येस केलं."

इकडचं तिकडचं बोललो. त्यांना साखरेचा आजार झाला होता. बोलता बोलता ते अस्वस्थ व्हायला लागले, एकदा बांधाकडे बघितलं, एकदा खांबाकडे. मला समजलं.

"जाऊन या," मी म्हटलं. "मी बसते इथं. किल्ली द्या माझ्याकडे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चश्म्याची काडी अजून दोऱ्यानंच बांधलेली होती. किल्ली कमरेच्या करगोट्याला होती, तिच्यावर त्यांचा हात गेला आणि तिथंच राहिला.

"बसा," ते म्हणाले. "कुलपाकडं बघा. कुनाला हात लावू दिऊ नका." आणि क्रेटवरून उठले. "किल्ली माझ्यापाशी ऱ्हाईल."

ते हळूहळू बांधापलीकडे गेले. मी क्रेटवर बसले आणि कुलपाकडे बघत राहिले. वर दोन माणसं तार ओढत होती. ते परत येईपर्यंत मी मान वळवली नाही.